भिंतीपलीकडचा मोहनम

राजाजीनगरच्या नव्या वसाहतीत घरं इतकी चिकटून बांधलेली, की एकीने फोडणी टाकावी आणि दुसरीला ठसका लागावा. सुलभाला ठसक्याचं काही नव्हतं. तिला धास्ती होती ती भिंतीपलीकडच्या वीणेची.

लग्न होऊन ती मिरजेहून बंगळूरला आली १९५६ साली. नवरा विद्याधर विमान कारखान्यात इंजिनिअर. सोबत सासऱ्यांचा तंबोरा. तो देताना श्रीधररावांनी स्पष्टच सांगितलं होतं, "रेडिओच्या चाचणीला तीनदा बस. नाहीच जमलं, तर तंबोरा परत पाठव. पुतणी शिकेल." दोनदा ती नापास झाली होती. तिसऱ्या खेपेला द्यायच्या रागांच्या यादीत भूप होता, आणि भूप मागितला तर आपलं काही खरं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भूपात सूर पाचच. पलीकडची भाग्यलक्ष्मी रोज सकाळी वीणेवर कर्नाटकी संगीतातला मोहनम घोटायची, त्यातही तेच पाच. मिरजेचे बुवा म्हणत, "सूर काय, कुणाचेही असतात गं. राग ओळखायचा तो त्याच्या चालण्यावरून, पाठमोरा माणूस ओळखतो तसा." पंचमावरून गंधारावर अलगद घसरायचं, मग रे, सा. एवढा चार सुरांचा तुकडा सांभाळला की भूप उभा. पण तीन वर्षं ऐकून ऐकून मोहनमचा डुलणारा धैवत सुलभाच्या गळ्यात ठाण मांडून बसला होता. भाजी चिरताना तो नकळत बाहेर पडे आणि विळीवरचा हात तिथेच थांबे. कानात कापूस घालून पाहिला. दूध उतू गेलं, तेवढाच फरक.

चाचणीच्या खोलीत काचेपलीकडून आवाज आला, "भूप."

प ग रे सा. अंधारात जिन्याचा कठडा धरावा तसा तिने तो तुकडा धरून ठेवला. खाली नेला, वर नेला, मधूनच उचलून पाहिला. आणि वरच्या षड्जाकडे जाताना धैवत डुलला. तिचा तिलाच ऐकू आला. पुढे काय गायलं, ते तिला आजही आठवत नाही.

महिन्याने नकाराचं पत्र आलं. विद्याधरने सुताराला तंबोऱ्यासाठी लाकडी पेटी करायला सांगितली. सुलभा तंबोऱ्यावर गवसणी चढवत होती, तेवढ्यात भाग्यलक्ष्मी दारात. बंगळुरातच जन्मलेली पोर, मराठीही तिथलंच. डोळे रडून सुजलेले.

"अक्का, रागावू नका. आठ दिवसांनी परीक्षा आहे माझी. आज मास्तर वीणा हातातनं काढून घेतले. म्हणाले, हा मोहनम नव्हे, हे पंचमावरनं घसरणं कुठनं उचललीस? मला लई भ्या वाटते अक्का. स्वल्प दिवस तुम्ही गाऊ नका."

सुलभाच्या हातातली गवसणीची गाठ अर्धीच राहिली. तीन वर्षं ती हिच्या वीणेला भीत होती, आणि तिकडे हिच्या बोटांत तिचाच भूप उतरत होता.

"नाही गाणार," ती म्हणाली. "तंबोरा उद्या मिरजेला चाललाय."

भाग्यलक्ष्मीने गवसणीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"परीक्षेपुरतंच म्हटले मी, अक्का. कायमचं नव्हे."