ते मांजर आपलं नोहोय

देव माणसांना लाज वाटून द्यायला निघाला तेव्हा आंधळगावला पोहोचेपर्यंत त्याची झोळी भरलेलीच राहिली असावी, आणि परत कोण नेणार म्हणून त्याने ती सगळी माझ्या मावशीच्या यजमानांच्या अंगावर ओतली. आमच्याकडे मावशीच्या नवऱ्याला मोसाजी म्हणतात. माणसाला स्वतःची लाज वाटावी हे ठीक. मोसाजींना दुसऱ्यांचीही लाज वाटते, आणि ती ते अगदी मन लावून वाटून घेतात. पंगतीत शेजारच्याने ढेकर दिला की हे मान खाली घालतात. दुसऱ्याच्या घरी बसले असताना वीज गेली तर अंधारात पहिला आवाज यांचा येतो, ‘माफ करजा जी.’ नवी चप्पल आणली की आधी दोन दिवस परसात चिखलात घालून फिरायची, जरा जुनी दिसू लागली की मग रस्त्यावर काढायची. लग्नाच्या जेवणात भाताला हात आडवा धरतात, पुन्हा मागायची लाज वाटते आणि घरी येऊन गुपचूप पोहे भिजवून खातात. बस आली की सारा गाव खिडकीतून रुमाल, टोप्या, पिशव्या टाकून जागा धरतो. मोसाजींच्या खांद्यावर चांगला हातभर रुंद दुपट्टा असतो, पण तो खिडकीतून आत टाकायची त्यांची कधी छाती झाली नाही. ‘जागा का आपल्या बापाची आहे?’ असं म्हणत ते उभ्याने तुमसरला जातात आणि उभ्याने परत येतात.

या लाजेचा सगळ्यात मोठा वाटा मावशीच्या पदरी पडला. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली, पण चारचौघांत मोसाजींनी तिला कधी ‘माझी बायको’ म्हटलेलं नाही. ‘घरचे’ म्हणतात, नाहीतर नुसतं खाकरतात. प्रवासात ते पुढे उभे, ती मागे बायकांत. तिकीट ज्याने त्याने आपापलं काढायचं. उतरल्यावर ते झपाझप पुढे आणि मावशी पिशव्या सांभाळत मागे. एकदा तुमसरच्या बाजारात कोणी ओळखीच्याने विचारलं, ‘ह्या मागून येऊन राहिल्या त्या कोण जी?’ मोसाजींनी वळून नीट पाहिलं आणि म्हणाले, ‘आमच्याच गावच्या दिसतात.’ ही गोष्ट मावशी आम्हाला हसून हसून सांगते. सांगून झाली की मात्र मान खाली घालून तांदूळ निवडू लागते.

असल्या माणसाच्या घरी एक मांजर आली. करड्या रंगाची, एक कान फाटका, चेहऱ्यावर भाव असा की घर तिच्या नावावर आहे आणि बाकीचे भाडेकरू. मावशी तिला चिमी म्हणायची. मोसाजी काहीच म्हणायचे नाहीत, कारण नाव ठेवलं की ती आपली झाली. कोणी पाहुणा आला आणि मांजर यांच्या मांडीवर सापडली, तर हे चटका बसल्यासारखे उठत. ‘ते मांजर आपलं नोहोय जी. असंच येते.’ या असंच येणाऱ्या मांजरीला स्वतःची बशी होती, थंडीसाठी घडी घातलेलं पोतं होतं, आणि बाजारातून येताना मोसाजी तिच्यासाठी सुके झिंगे आणत ते धोतराच्या सोग्यात बांधून, जणू चोरीचा माल. धान कापून खळ्यावर पुंजने रचले, म्हणजे धानाच्या मोठाल्या गंज्या लावल्या, की ती त्यांच्या मागोमाग शेतावर जाई आणि उंदीर धरी. ती मागे चालतेय हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मोसाजी मधूनच तिला ‘हाट!’ करत. पण ती फार मागे पडली की चप्पल झटकायच्या निमित्ताने थांबत.

दिवाळी होऊन खळ्यावर मळणी सुरू झाली होती. मी आठवडाभर राहायला गेलो तेव्हा मांजरीने खाणं सोडलेलं होतं. बशीपाशी यायची, हुंगायची, मान एकीकडे झटकायची आणि जाऊन पोत्यावर बसायची. दूध नको, दही नको, झिंगे तर नाहीच नाही. मोसाजींचं तोंड तिच्यापेक्षा उतरलेलं. त्यांना स्वतःला कोणी बघत असताना जेवता येत नाही, त्यामुळे त्यांनी निदान केलं, ‘तिले लाज वाटत असन.’ लगेच बशीपुढे दुपट्ट्याचा पडदा लागला. मावशीला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, मला ओट्यावर पिटाळलं, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मांजरीने पडदा हुंगला, त्यात नखं अडकवून दोनचार धागे ओढले आणि पुन्हा पोत्यावर गेली.

‘दवाखान्यात न्या ना जी,’ मावशी म्हणाली.

‘जनावराच्या दवाखान्यात? तिथं लोक बैल घेऊन येतेत, म्हशी घेऊन येतेत. अन् मी मांजर घेऊन जाऊ? माझ्या पांढऱ्या मिशा पाहाय आधी.’

पण जीव राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जे केलं ते करायला मोसाजीच हवेत. शेजारच्या यशोदाबाईंची बकरी ‘जरा फिरवून आणतो’ म्हणून मागून घेतली आणि गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेली. बेत असा की दुखणं मांजरीचं सांगायचं, दाखवायची बकरी आणि औषध घेऊन यायचं. मी सोबत होतो म्हणून हे छातीठोकपणे सांगू शकतो.

‘काय झालं काका?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘काहीच खात नाही जी,’ मोसाजी म्हणाले. तोवर बकरीने भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याचा खालचा कोपरा संपवून वरच्या गाईच्या चित्राकडे मोर्चा वळवला होता.

‘ही? खात नाही?’

‘म्हणजे... घरी खात नाही.’ मग एकदा दुःख बोलायला तोंड फुटल्यावर मोसाजींना भान राहिलं नाही. ‘दुधाले तोंड लावत नाही जी. मी बशी अशी समोर धरतो. परवा झिंगे टाकले, तं हुंगून परत गेली. दिवसभर पोत्यावर बसून राह्यते, अन् मी जवळ गेलो का माझ्याकडे पाह्यते.’

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. ‘काका, तुम्ही बकरीला झिंगे घालता?’

मोसाजी लाल झाले. एवढा लाल माणूस मी लग्नाच्या वरातीत गुलालात माखलेलाही पाहिलेला नाही. त्या वेळी ‘मांजर आहे’ एवढे दोन शब्द बोलले असते तर सुटले असते, पण ते शब्द काही केल्या बाहेर पडेनात. शेवटी डॉक्टरांनी बकरीला जंताचं औषध पाजलं, बकरीच्या मालकांकडे जरा काळजीने पाहिलं आणि पुढचा बैल आत घेतला. गोष्ट यशोदाबाईंच्या कानावर गेली तेव्हा त्या गहिवरल्या. ‘माझ्या बकरीची एवढी काळजी कोण करते?’ म्हणत रोज सकाळी बकरीचं दूध पाठवू लागल्या. ते दूध पिताना मोसाजींना जो ठसका लागे तो लाजेचाच.

मांजर मात्र वाळत चालली. पाठीचं हाड हाताला लागू लागलं, उंबरा ओलांडताना ती थांबू लागली. मोसाजी पोत्यापाशी बसून राहत आणि कोणाचं पाऊल वाजलं की उठून कोपऱ्यातला विळा उगाच बघत. एकदा मावशी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता. ‘मरन ना जी ते. तुमच्या लाजेपायी मरन. मी सोसलं, मांजर कायले सोसन?’

मोसाजींनी बाजाराची पिशवी रिकामी केली, तळाशी पोतं घातलं आणि मांजरीला आत बसवलं. तालुक्याला जायचं ठरलं, कारण तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही असा त्यांचा भाबडा समज. बसमधून नेहमीसारखेच गेलो, ते पुढे, मावशी मागे, आणि मधे मी. तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचलो तर ओट्यावर अर्धं आंधळगाव. कोणाची गाय, कोणाचा गोऱ्हा. पिशवीतून मांजर केविलवाणी ओरडली आणि सगळे वळून पाहू लागले.

डॉक्टर तरुण बाई होत्या. मांजरीला टेबलावर ठेवताच तिने अंग चोरलं आणि नखं काढली. ‘तोंड उघडून बघावं लागेल,’ बाई म्हणाल्या. ‘अनोळखी माणसाला ओरबाडून काढेल ती. कोणाची आहे? ज्याची आहे त्याने धरा.’

मावशी दारात उभी होती, ती पुढे आली नाही. दारात मोसाजींच्याच गल्लीतला एक बैलवाला मिशीत हसत होता. मोसाजींनी उगाच दुपट्टा झटकला. मांजर टेबलावरून घसरू लागली, तिने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मोसाजी ओरडले, ‘माझी आहे!’

आवाज असा फुटला की बाहेरच्या बैलाने कान टवकारले. ‘माझी आहे जी. मी धरतो.’ त्यांनी तिला छातीशी धरलं. तिने मनगटावर चार ओरखडे काढले, तरी हात ढिला केला नाही. बाईंनी तोंड उघडून आत पाहिलं, चिमटा घातला आणि दाढेमागच्या हिरडीतून धानाचं एक लांब कुसळ ओढून काढलं. खळ्यावर उंदीर धरताना रुतलं असणार. हिरडी सुजली होती, म्हणून घास लागत नव्हता. एवढंसं कुसळ तळहातावर घेऊन मोसाजी कितीतरी वेळ पाहत राहिले. ‘माझ्याच धानाचं,’ ते पुटपुटले. ‘पहिल्या दिवशीच आणलं असतं तं...’ आणि त्यांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले.

पायऱ्या उतरताना मावशी मला म्हणाली, ‘मांजराचं नशीब पाह्य.’ ती हसत होती, पण डोळे तिने पदराने टिपले. हे मोसाजींनी ऐकलं. ऐकलंच नाही असं दाखवायला ते आकाशाकडे पाहू लागले म्हणून मला कळलं.

परतीच्या बसला हीऽऽ गर्दी. बस थांबायच्या आत रुमाल उडू लागले. मांजर माझ्या हातात देऊन मोसाजी खिडकीपाशी गेले, खांद्यावरचा दुपट्टा काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि आत टाकला. आम्ही चढलो तोवर एक धिप्पाड गृहस्थ दुपट्टा उचलून तिथे बसायच्या बेतात होते. ‘कोण आहे जी इथं?’

‘मी आहो,’ मोसाजी म्हणाले. मग पायांकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘अन् माझी बायको आहे.’

मावशी त्यांच्याशेजारी बसली. आंधळगाव येईपर्यंत मावशी खिडकीतून बाहेर बघत होती आणि मोसाजींचे कान लालच होते. घरी आल्यावर मांजरीने बशीतली पेज चाटून पुसून साफ केली. पडदा लावावा लागला नाही.

त्यानंतर ती काही वर्षं जगली, आणि म्हातारी होऊन पोत्यावरच गेली. मोसाजींची लाज पुष्कळशी जागच्या जागी आहे. अजून ढेकर दुसऱ्याचा आणि मान यांची खाली. रस्त्याने अजून ते पुढे आणि मावशी मागे चालते. ‘माझी बायको’ हे शब्द मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. पण बस आली की दुपट्टा खिडकीतून आत जातो, आणि मावशी जाऊन त्या दुपट्ट्याशेजारी बसते. दुपट्टा आता विरला आहे, एका टोकाला मांजरीने ओढलेले धागे तसेच लोंबतात. मागच्या खेपेला मी म्हटलं, ‘मोसाजी, नवा घ्या ना.’ त्यांनी ते टोक बोटांत धरून जरा वेळ कुरवाळलं.

‘राहू दे गा,’ ते म्हणाले. ‘जागा धरते अजून.’