निंबानी काढी, आम्हीन बी काढी

निंबाभाऊला निवांत बसलेलं गावात कुणी पाहिलं नाही. बोलायचा उभ्याने, जेवायचा उकिडवा, आणि डोक्यात काही घोळायला लागलं की ओट्याच्या खांबाशी केकताडाच्या वाखाचा दोर वळत राहायचा. दोर किती लांबला यावरून भिकुबाई, त्याची बायको, नवऱ्याचं डोकं किती फिरलंय ते ओळखायची. शहाऐंशीच्या दिवाळीनंतर त्या ओट्यावर एवढा दोर पडला की गावाला वाटलं, निंबा नवी विहीर खणतो. विहीर नव्हतीच. पोरं शाळेतून काढून घरी शिकवावी की नाही, एवढंच तो ठरवत होता.

आमचं गाव साक्रीच्या वरच्या अंगाला. वावरं पावसावरची, बाजरी नि भुईमूग. शाळा एका खोलीची. त्या खोलीत चार वर्ग आणि एक गुरुजी. निंबाभाऊ मॅट्रिक नापास, पण गावात कुणाचा कागद वाचायचा असला तर तो त्याच्याचकडे यायचा. त्याची पोरगी कोकिळा तिसरीत, पोरगा हिलाल पहिलीत.

झालं असं, की भाऊबीजेला निंबाची बहीण आणि तिचा नवरा पाचोऱ्याहून आले. चहा झाला, आणि निंबा पोरीला म्हणाला, "कोकिळा, पाव्हनास्ले धडा वाची दखाड."

कोकिळाने पुस्तक मांडीवर घेतलं आणि सुटली, उतारावर गाडी सुटावी तशी. पाव्हणा मान डोलवत होता. निंबा मागे उभा होता. उभा होता म्हणूनच त्याला दिसलं. पान संपलं, पोरीने उलटलं नाही, आणि वाचन पुढे चालूच. त्याने वाकून पुस्तकावर पंजा ठेवला. आवाज थांबला नाही. धडा पार शेवटच्या ओळीपर्यंत गेला.

मग त्याने ज्यात चिवडा बांधून आणला होता तो छापील कागद उचलला आणि मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हाई वाच."

पोर आढ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "बाबा, हाऊ धडा आम्हले नही शे."

पाव्हणा हसला. निंबा हसला नाही. तिसरी निम्मी सरलेली पोर, वर्गात पहिली येणारी, आणि तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. चार वर्ग एकदम ओरडत धडे म्हणायचे, तीही त्यांच्यात ओरडायची. त्याच दिवसापासून दोर वळायला सुरुवात झाली.

त्याने पोरं काढली तेव्हा गावाने तोंड सोडलं. पुनाआबा, गावातला जुना माणूस, काठी आपटत ओट्यापाशी आला.

"निंबा, फौजदार ई ना भो! सरकारनी शाळा सोडी म्हनजे गुन्हा शे."

"आबा, तुम्हना नातू तीन सालपाईन बकऱ्या चारस. तुम्हना घर कोन फौजदार ऊना?"

आबा म्हणाला, "त्यानी गोष्ट येगळी," आणि तंबाखू मळायला लागला.

शेजारची सुगंधाबाई म्हणाली, "शाळाना दाखला नही, मंग पोरनं लगीन कसं व्हयी?"

"तुम्हनं लगीन दाखला देखीसन व्हयनं का, अक्का?"

कुणी म्हणालं, घरी ठेवलेली पोर घुमी होते, चार माणसांत तिला तोंड राहत नाही. कुणी म्हणालं, मॅट्रिक नापास माणूस काय शिकवणार, कपाळ? ज्यांना जास्त कळत होतं ते म्हणाले, हा ग्रामपंचायतीच्या इलेक्शनचा राग, सरपंच आणि गुरुजी एकाच ताटात जेवतात ना! एकेकाला निंबाने तोंडावर उत्तर दिलं. फक्त छगन, पलीकडच्या बोळातला, शिव्या द्यायला आला नव्हता. तो म्हणाला, "बेस करं, निंबाभाऊ. पोरनी जात, घर बरी." निंबाने त्यावर नुसती मान हलवली. शिव्या देणाऱ्यांशी भांडताना शाबासकी देणाऱ्याकडे बघायचं राहून गेलं.

घरी शिकवायचं म्हणजे काय, हे त्यालाही कुठे ठाऊक होतं! त्याने गोठ्याची भिंत काजळीने काळी केली, तिच्यावर खडूने मुळाक्षरं काढली. सकाळी पितळी थाळी बडवून घंटा दिली. दोन पोरांची रांग केली, प्रार्थना म्हणायला लावली, तुरीची काडी हातात घेतली. आठवडाभरात हिलाल थाळीचा आवाज ऐकला की कणगीमागे लपायला लागला. भिकुबाई चुलीपुढून म्हणाली, "शाळा सोडी, अन शाळाच घर लई ऊना! मंग गुरुजी काय वाईट व्हता? त्याले निदान पगार त भेटस."

निंबाने काडी चुलीत घातली. थाळी पुन्हा भाकरीला लागली.

पुढचं त्याच्या हातून झालं नाही, भिकुबाईच्या हातून झालं, आणि तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. गुळाच्या भेलीचा कागद सोडताना तिने सहज विचारलं, "काय लिखेल शे व यावर?" कोकिळा चुलीजवळ उकिडवी बसली, बापासारखीच, आणि एकेक अक्षर दातांखाली फोडायला लागली. पा. चो. रा. मग उडीच मारली. "माय, हाई त आत्याबाईनं गाव शे!"

त्यानंतर पोर वाचत सुटली. खताच्या गोणीवरचं, एस. टी.च्या पाटीवरचं, खोकल्याच्या बाटलीवरचं. साक्रीच्या बाजारात बापाचं बोट सोडून दुकानाच्या पाट्यांपुढे उभी राहायची, आणि लोकांना वाटायचं, पोर हरवली. हिलाल तिच्यामागे फरफटत शिकला. भिकुबाई किराणा आणायला आता मुद्दाम दोन खेपा घालायची, कागद दोन मिळतात म्हणून. ओट्यावरचा दोर होता तेवढाच राहिला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाने त्याचाच झोका बांधून दिला.

आखाजीला आमच्याकडे नाल्याच्या दोन्ही अंगांना दोन गावच्या पोरी जमतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि गाण्यातून एकमेकींच्या गावाची अशी धूळधाण करतात की बाप्यांनी कान झाकावे. त्या साली कोकिळाने जुनी गाणी सोडून स्वतः रचलेली काढली. समोरच्या गावच्या सरपंचाच्या धोतरापासून सुरुवात केली. पलीकडच्या पोरी गाणं विसरून बघतच राहिल्या. पुनाआबा काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होता. म्हणाला, "निंबा, हिले शाळामा धाड रे भो. जराशी गप व्हयी."

एवढं सगळं नीट चाललं होतं. मग जून आला.

पेरणी आणि शाळा आमच्याकडे एकाच हप्त्यात सुरू होतात. गुरुजी आले. धुळ्याकडचा माणूस, पायात चिखलाने जड झालेल्या चपला. ओट्यावर टेकले. निंबा उभाच.

"निंबाभाऊ, तुमच्या दोन पोरांचं मी मनावर घेतलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "पण आज चौथीच्या वर्गात एकही मुलगी नाही. घरोघर फिरून आलो. सगळीकडे एकच उत्तर. निंबानी काढी, आम्हीन बी काढी."

"मी काढी ती शिकाडाले काढी, गुरुजी."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. लोकांनी एवढंच पाहिलं, की गावातल्या शहाण्या माणसाने पोरगी घरी ठेवली." गुरुजी चपलेचा चिखल काडीने काढत राहिले. "मी चार वर्गांना एकटा पडतो. तुमच्या पोरीचं झालं ते माझ्यामुळेच झालं, नाही म्हणत नाही. पण..." ते उठून गेले.

निंबा तसाच छगनकडे गेला. छगन अंगणात पेरणीची पाभर ठोकत होता. त्याची बेबी, कोकिळाच्याच वर्गातली, कडेवर भाऊ घेऊन शेण थापत होती.

"छगन, बेबीले काबर काढी रे?"

"तू काढी, मी बी काढी. घर शिकाडस."

"काय शिकाडस?"

"भाकर टाकानं, शेण थापानं. बठ्ठं शिकाडस. मी मास्तर, मनी बायको हेडमास्तर." छगन खदखदून हसला. त्यात खोट नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की दोघांचं एकच चाललंय.

"मना घर धाड तिले. कोकिळासंगे वाची."

"धाडसू ना! काम वटायनं की धाडसू."

काम कधी आवरतं का? तरी बेबी आली, भावाला कडेवर घेऊनच. कोकिळाने तिच्यापुढे कागद पसरला. पहिली ओळ होते न होते तोच बोळातून हाक, "बेबी व! पानी भरानं शे!" ती गेली. दुसऱ्या दिवशी आली, पुन्हा हाक. शाळेच्या दारात येऊन तिच्या आईने अशी हाक कधी मारली नसती. तिथे गुरुजी होते, घंटा होती, सरकारची पाटी होती. निंबाच्या ओट्यावर हाक मारायला कुणाची चोरी?

तिसऱ्या दिवशी ती उठून निघाली तेव्हा निंबाने विचारलं, "बेबी, शाळामा काय शिकनी व्हती तू?"

"काही नही, काका."

"मंग सुटनी, बरं व्हयनं."

बेबीने भावाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "नही काका. तठे बसाले भेटे."

त्या दिवसापासून ओट्यावर पुन्हा दोर पडायला लागला. पेरणी शेजाऱ्याच्या पुढे गेली होती, ती मागे पडली. निंबा पाभरीमागे चालता चालता मध्येच थांबायचा आणि बैल मागे वळून बघायचे. आपल्या घरात पोरगी रिकामी बसून कागद वाचू शकते, कारण भिकुबाई तिच्या वाटचं पाणी भरते. बाकीच्या घरांत पोरीला बसायची सोय एकच, शाळा. धडा येवो न येवो. आणि ती सोय आपण मोडली. मोडायला गेलो नव्हतो, पण मोडली.

आधी टोमणे मारणारी भिकुबाईच आता अडली. "गावन्या पोरी तुना आंगवर शेतस का? मनी पोर आते कुठे वाचाले लागनी. तिले परत त्या ओरडामा टाकशी?"

"मंग काय करू?"

"काही नको करू. दोर वळ."

तो तीन-चार दिवस दोरच वळत राहिला. मग एका सकाळी कोकिळाला म्हणाला, "दप्तर काढ."

"अन हिलाल?"

हिलाललाही त्याने काढलंच होतं, पण ते बघून गावात कुणी आपला पोऱ्या काढला नव्हता. पोऱ्याच्या बाबतीत गाव शहाणं होतं.

"हिलाल घर ऱ्हायी," तो म्हणाला. "तू जाशी त त्या जातीन."

"अन मी?"

त्याने तिचं दप्तर आपल्या खांद्याला लावलं.

शाळा घरासमोरच्या गल्लीने जवळ. तो लांबच्या वाटेने निघाला, छगनच्या बोळातून, पारावरून, लोकांना दिसेल असा. पारावर पुनाआबा होता.

"काय रे निंबा, वळना का? सांगं व्हतं ना तुले! ऊना का फौजदार?"

निंबा थांबला. दिवाळीपासून ज्या गोष्टीवर त्याने गावाला हसून घेतलं होतं, ती आता त्याच्यापुढे आयती वाढली होती. त्याने कोकिळाकडे बघायचं टाळलं.

"हां, आबा," तो मोठ्याने म्हणाला. "साक्रीहून निरोप ऊना. ज्याना ज्याना पोरी घर, त्यासनी नावं लिखी ऱ्हायनात म्हने. घर शिकाडानं काही खरं नही. मी चुकनू."

कोकिळा बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने निरोप्या पाहिला नव्हता. घरी शिकणं खरं नाही म्हणणारा हा माणूस रात्रीच तिच्याकडून अख्खा कागद वाचून घेऊन मांडी थोपटत होता.

निंबाचं खरं बोलणं इतके महिने गावात कुणाला पटलं नव्हतं. हे खोटं दुपारपर्यंत सगळ्या बोळांतून फिरलं. "निंबासारखा निंबा भ्यायना" म्हणत माणसं हसली, आणि घरी जाऊन पोरींची दप्तरं शोधायला लागली. त्याला पुढे कितीतरी दिवस फौजदार म्हणायचे. बाजाराला निघाला की पारावरून कुणीतरी विचारायचंच, "फौजदारना घर जाई ऱ्हायना का?" तो उभ्या उभ्या ऐकायचा आणि पुढे जायचा.

हप्ता सरायच्या आत बेबी शाळेत आली. निंबा वावरात निघाला होता, वाट वाकडी करून शाळेच्या दारासमोर थबकला. आत चार वर्ग एकदम ओरडत होते. पहिल्या रांगेत कोकिळा पुस्तक मिटून बसली होती. ओठ हलत नव्हते. तिच्या शेजारी बेबी, पाय लांब पसरलेले, डोकं भिंतीला, तोंड उघडं. गाढ झोपली होती. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि खडू घेऊन दुसरीकडे वळले.

संध्याकाळी कोकिळा आली, दप्तर खुंटीला लावलं. गुळाचा नवा कागद भिकुबाईने तिच्यासाठी जपून ठेवला होता. तिने तो हिलालपुढे टाकला.

"आज काय शिकनी?" निंबाने विचारलं.

"काही नही," ती म्हणाली. "बसाले भेटनं."

निंबा ओट्यावर गेला. खांबाचा दोर सोडला, आणि पुन्हा पहिल्यापासून वळायला घेतला.