मी रचलेले शास्त्रवचन

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. मुलाला नाही, माझ्या गुरुबंधूंना नाही. ज्याच्यासमोर रोज सकाळी बसतो त्या देवालाही शब्दांत नाही — त्याला वेगळे सांगावे लागत नाही, अशी पळवाट मीच काढून ठेवली होती. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही कोण, हे मला ठाऊक नाही. कदाचित म्हणूनच धीर होतो आहे.

माझे आयुष्य संस्कृत शिकण्यात आणि शिकविण्यात गेले. निवृत्तीनंतर मी आणि माझी पत्नी सुमती मेलबर्नजवळ टार्निटला मुलाकडे राहावयास आलो. निखिल, सून गौरी, नात ईरा असे आमचे घर. तिथीचा, व्रताचा, सोयरसुतकाचा प्रश्न निघाला की सारे माझ्याकडे पाहत. वस्तीतील मराठी मंडळीही फोन करीत — काका, वास्तुशांत वीकेंडला धरली तर चालेल का? ग्रंथ पाहिल्यावाचून मी कधी उत्तर दिले नाही. कधीच नाही — एक गोष्ट वगळता.

सुमती भूगोलाची शिक्षिका होती. हिमनदीने डोंगर कोरावा, हिम वितळावे, मग त्या दरीत समुद्राने शिरावे — फ्योर्डची ती आकृती तिने खडूने किती वर्गांच्या फळ्यांवर काढली असेल! पाहिला मात्र कधी नव्हता. म्हणून निखिलने टास्मानियाची सहल आखली. लॉन्सेस्टनपर्यंत विमान आणि पुढे भाड्याची कॅम्पर व्हॅन. "आई, फ्योर्ड बघायला नॉर्वे कशाला? इथे पश्चिम किनाऱ्यावर आहे की!" तो म्हणाला. त्यावर ही म्हणाली, "खरा फ्योर्ड नव्हे रे तो. मावसबहीण म्हण हवं तर. पण निदान मावसबहीण तरी भेटू दे."

पाऊस पहिल्या दिवसापासून होता. डोंगरांमागून डोंगर, वळणांमागून वळणे, आणि व्हॅनच्या पत्र्यावर अखंड ताशा. धोतर वाळेना, तेव्हा मी धाबळी नेसून पूजा करी. घडीच्या टेबलावर एका कडेला शाळिग्राम, दुसऱ्या कडेला ईराचा टोस्ट. गौरीने कधी कुरकुर केली नाही. उलट "बाबांचा नैवेद्य होईपर्यंत कोणी गॅसला हात लावायचा नाही हं," असे तीच बजावी. किती विश्वासाने ही माणसे माझ्याभोवती वावरत होती...

मी विषयांतर करतो आहे. जाणूनबुजून करतो आहे. टोस्ट आणि धाबळी सांगणे सोपे असते.

स्ट्रॉन नावाच्या लहानशा बंदरावर आम्ही पोहोचलो. डोंगरांच्या कुशीत खोल शिरलेले विस्तीर्ण पाणी, रानगवताचा अर्क उतरून चहासारखे काळसर झालेले. बोट प्रथम समुद्राच्या अरुंद मुखापर्यंत जाते आणि मग वळून नदीत शिरते. त्या मुखाला तेथील लोक नरकाचे दार म्हणतात. तिकिटे काढलेली होती. सुमतीने कानटोपी घातली होती, आणि तिचा चेहरा — काय सांगू? परीक्षेच्या सकाळी सगळे पाठ असलेल्या मुलीसारखा होता.

बोट धक्क्याशी वरखाली होत होती. "बिट बंपी टुडे, मेट. नो वरीज!" बोटीवरचा माणूस मला म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

मला पाण्याची भीती वाटते. हे एक वाक्य लिहावयास मला म्हातारपण यावे लागले. त्यामागे कोणतीही कथा नाही. लहानपणी कोणी बुडाले नव्हते. भीती वाटते, इतकेच. तीर्थक्षेत्री गेलो तरी मी घाटाची शेवटची पायरी सोडीत नसे. लोकांना तो माझा संयम वाटे, आणि मी तसे वाटू दिले.

सुमतीचा एक पाय बोटीच्या फळीवर होता. मी मागून म्हणालो, "थांब. आज कृष्ण चतुर्दशी. आज नदीमुखी प्रवेश वर्ज्य आहे."

तिने वळून पाहिले. "अहो, हे कधी ऐकलं नव्हतं मी."

"बाबा, आत्ता सांगताय?" निखिल म्हणाला. ईरा तर पाय आपटूनच म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ बोट!"

आणि तेव्हा मी ते केले. मी श्लोक म्हटला. अनुष्टुभ छंदातला, दोन ओळींचा — नदीमुखी त्या तिथीस जाणाऱ्याच्या कुळावर अरिष्ट येते, अशा अर्थाचा. तो कोणत्याही स्मृतीत नाही, पुराणात नाही. त्या धक्क्यावर, छत्रीखाली, माझ्या ओठांवर येईपर्यंत तो या जगात नव्हता. येथे मी तो लिहीत नाही. लिहिला तर पुन्हा कोणाच्या तरी मुखी बसेल.

गौरी समजुतीने म्हणाली, "आई, बाबा थांबतील व्हॅनमध्ये. तुम्ही चला ना आमच्याबरोबर." — तेव्हा तरी मी बोलावयास हवे होते, नाही का? वाट मोकळी झाली होती. मी थांबावे, तिने जावे; एवढेच तर होते. पण तसे केले असते तर माझी भीती तेवढी धक्क्यावर उघडी उभी राहिली असती. सुमतीने पाय मागे घेतला. "नको गं. ह्यांनी सांगितलं म्हणजे शास्त्रच ते. तुम्ही या जाऊन. लहान मुलांना दोष नसतो, आणि तुम्ही काही मानत नाही."

ती तिघे गेली. आम्ही दोघे व्हॅनमध्ये बसलो. तिने चहा केला. काचेवरचे धुके ती पदराने पुन्हा पुन्हा पुसत होती आणि पाण्याकडे पाहत होती. मला त्या क्षणी काय वाटत होते, तेही सांगतो, कारण खरे पाप तेथे आहे. मला अभिमान वाटत होता. आयत्या वेळी रचूनही छंद कोठे अडखळला नाही, याचा.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. तीही मी वर्ज्यच सांगितली. त्या दिवशी तिने उपास केला. फळीवर पाय ठेवला होता, म्हणून प्रायश्चित्त. "किती दिवस करू हो?" तिने मला विचारले. "एक दिवस पुरे," मी म्हणालो. औदार्य पाहा माझे!

टार्निटला परतल्यावर तिने तो श्लोक माझ्याकडून म्हणवून घेऊन पाठ केला. भजनाला येणाऱ्या बायकांना शिकविला. मी तिचे उच्चार सुधारले — हो, तेही केले.

पुढल्या वर्षी न्यूझीलंडला, खऱ्या फ्योर्डमध्ये जायचे ठरले होते. निखिल म्हणाला, "बाबा, या वेळी तिथी आधी सांगा हं, बुकिंगच्या आधी!" सारे हसले. मीही हसलो. त्या वर्षी तिला आजार निघाला, आणि तो प्रवास राहिला.

हॉस्पिटलच्या खोलीत एका दुपारी तिने मला विचारले, "अहो, आपण आणखी दोन दिवस थांबलो असतो तिकडे, तर चाललं असतं ना?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती हिशेब बरोबर आला की नाही एवढेच ताडून पाहत होती. तिला खरे कळण्याचा हक्क होता. मी मान हलविली, म्हणालो, "चाललं असतं." ती "हूं" म्हणाली आणि तिने डोळे मिटले. त्यानंतर तो विषय तिने काढला नाही. मी तर काढणारच नव्हतो. काही आठवड्यांनी ती गेली.

यंदा निखिल न्यूझीलंडला निघाला. आईची ती कानटोपी बरोबर नेतो म्हणाला, तिथल्या पाण्यात बुडवून आणतो. निघण्याआधी माझ्यापाशी बसला. "बाबा, सुट्टी तेवढीच मिळतेय आणि मधे चतुर्दशी येतेय. आईचा तो श्लोक... काय करू?"

आईचा श्लोक. माझ्या मुलाच्या तोंडी तो आता तिचा झाला होता.

मी काय केले असेल असे तुम्हाला वाटते? मी म्हणालो, "मातृस्मरणार्थ जाणाऱ्यास दोष नाही." आणि त्यास आधार म्हणून आणखी अर्धा श्लोक म्हटला. तोही तेथल्या तेथे रचलेला. त्याने मला वाकून नमस्कार केला.

यात देवाची इच्छा नव्हती, ग्रहांचा दोष नव्हता, पावसाचाही नव्हता. मी भित्रा होतो, आणि जी विद्या मी गुरूंकडून हात जोडून घेतली, ती मी त्या भीतीवर पांघरली. मला सुमतीला इतकेच म्हणायचे होते — मला भीती वाटते, तू जाऊन ये. ती हसली असती, थोडे चिडविले असते, आणि बोटीत चढली असती. संध्याकाळी परत येऊन, केस पुसता पुसता, तिने मला ते सारे पाणी वर्गात शिकवावे तसे समजावून सांगितले असते.