बेतोचं लायसन्सवरचं वजन

बेतो व्हियासेन्योर खोटं बोलत नाही, हे ॲरिझोनातल्या साऱ्या टूसॉन शहराला नसलं तरी आमच्या गल्ल्यांना पक्कं ठाऊक आहे. छतावरचे कूलर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. ऐन जूनमध्ये घर तापलेलं असताना दुसरा कोणीही नवं मशीन गळ्यात मारून मोकळा होईल. बेतो शिडीवरून उतरतो, हात पुसतो आणि सांगतो, "नुसता पट्टा तुटलाय, बाई. नव्याला कशाला पैसे घालता?" एका ख्रिसमसला त्याने सासूबाईंना, दोन्या आंपारोंना, भरल्या पंगतीत सांगितलं होतं की यंदा मक्याचे उकडलेले तामाले कोरडे झालेत. उरलेलं जेवण त्याने अंगणात, कुत्र्याच्या सोबतीने संपवलं. असा हा माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला, तेही सायकलीपायी.

त्याची जुनी सायकल मागच्या बाजूने अगदी टणक होती. पुढे शॉकअप, मागे काही नाही. आमच्या वाळवंटातल्या पायवाटांना वाट म्हणणं हा त्या शब्दाचा अपमान आहे. तिथे नुसते दगड असतात आणि दगडांच्या मध्ये निवडुंग. बेतो दर शनिवारी पहाटे मित्रांबरोबर त्यावरून सायकल हाणायचा आणि दहा वाजता कमरेत वाकून घरी यायचा. आठवडाभर छतांवर ओणवं राहायचं आणि शनिवारी हे. पण शनिवार सोडला तर आपल्याकडे स्वतःचं असं काय उरतं, असं त्याला मनापासून वाटायचं.

सप्टेंबरात तो असाच वाकून दारात आला, तेव्हा ग्रासिएलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, निकाल दिला. "ऐक, म्हाताऱ्या. पुन्हा एकदा जरी असा आलास, तर सायकल अंगणात मांडून विकून टाकीन. आणि तू शनिवारी माझ्या आईबरोबर पाण्यातल्या व्यायामाला जाशील."

"तिथे सगळ्या सत्तरीच्या बायका आहेत!"

"सगळ्यांच्या पाठी सरळ आहेत."

पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. लॉनी हा त्याचा जिवलग मित्र, निवृत्त पोस्टमन; सल्ले द्यायला तो सदैव मोकळा. "कार्बनचीच घे," तो म्हणाला. कार्बनच्या सायकलीची किंमत बेतोच्या पिकअपहून जास्त होती. मग लॉनीने इंटरनेटवर एक जुनी शोधून काढली. ती बघायला दोघे पेट्रोल पंपावर गेले. विकणारा म्हणाला, "फक्त बायको चालवायची, चर्चला जायला." बेतोने सीटवर बूड टेकलं आणि मागचा शॉकअप फुस्स करून जो खाली बसला तो बसलाच. बेतोने बारा वेळा "नको" म्हटलं, लॉनी मात्र घासाघीस करत राहिला.

शेवटी दोघे नेटीच्या दुकानात गेले. नेटीचं वय पासष्ट, वेणी पांढरी, हात नुसते दोरखंड. आमच्याकडे गिऱ्हाईक दुकानासमोरच्या सपाट पार्किंगमध्ये दोन गिरक्या घेतं, फुटपाथवरून एकदा उडी मारतं आणि मान डोलावतं. एवढ्यावर सायकली खपतात. नेटीला याची चीड होती.

"तू पार्किंगमध्ये राहतोस का? डोंगरावर ने, आपट, मग सांग. आणि रंग बघू नकोस. स्वस्तात घ्यायची तर ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचा शॉकअप दमदार, ब्रेक चांगले आणि टायर जाड, काट्याचं भोक आपोआप बुजवणारा चीक आत भरलेले. बाकी सगळा नट्टापट्टा." असं म्हणून तिने कोपऱ्यातली एक शेवाळी रंगाची सायकल पुढे ओढली. दोन हजार डॉलरच्या आतली. बेतोला ती बघताक्षणी आवडली. आठ दिवसांत नाही पटली तर परत, असं ठरलं.

मग नेटीने पंप काढला. "शॉकअपमध्ये वजनाप्रमाणे हवा भरायचीय. वजन किती?"

दुकानात त्या वेळी शनिवारची अर्धी टोळी उभी होती. बेतोने पोट आत घेतलं.

"एकशे पंचाहत्तर पौंड."

नेटीने चष्म्यावरून पाहिलं. "पाठीवरचं पाणी, हत्यारं, सगळं धरून?"

"सगळं धरून. लायसन्सवर लिहिलंय."

ते खरंच होतं. आमच्याकडची जुनी लायसन्सं पासष्टीपर्यंत चालतात. बेतोने ते पंचविसाव्या वर्षी काढलं होतं; मधल्या काळात फोटो बदलला, वजनाला कोणी हात लावला नाही. त्यानंतरच्या एकतीस वर्षांत बेकनमध्ये गुंडाळलेले किती हॉटडॉग पोटात गेले याची सरकारदरबारी नोंद नाही.  नेटीने एकशे पंचाहत्तरची हवा भरली.

शनिवारी पहिल्याच उतारावर कळलं. प्रत्येक दगडाला मागचा शॉकअप पार तळाला टेकायचा, खाडकन, आणि तो दणका थेट बेतोच्या मणक्यात जायचा. चौथ्या वळणावर सायकलीने त्याला उचलून चोया निवडुंगात नेऊन बसवलं. लॉनीने खिशातला कंगवा काढला आणि काट्यांचे गोळे एकेक करून उडवले. तोंडाने मात्र चालूच, "तरी मी कार्बन म्हणत होतो."

बेतो तसाच वाकडा-तिकडा दुकानात आला. "भिकार सायकल आहे, नेटी! पैसे परत दे."

तिथे एक नर्स हुबेहूब तीच सायकल घ्यायला उभी होती, कार्ड हातात. तिने बेतोकडे पाहिलं. "तुम्ही कूलरवाले बेतो ना? माझ्या आईला तुम्ही नवं मशीन घेऊ दिलं नव्हतं." आणि कार्ड पर्समध्ये ठेवलं. "बेतो म्हणतात म्हणजे भिकारच असणार."

नेटी गल्ला उघडायला वळली.  बेतोला कळलं, परत केली तर पुढच्या शनिवारपासून दोन्या आंपारो, रबरी टोपी आणि कमरेपर्यंत पाणी. त्याहून वाईट म्हणजे ही पोरगी त्याच्या शब्दावर चांगली सायकल सोडून चालली होती. त्याला स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली.

"दोनशे अठ्ठावीस," तो म्हणाला.

"काय?"

"पौंड! दोनशे अठ्ठावीस! पाणी धरलेलं नाही!"

 नर्सने हळूच कार्ड परत काढलं. नेटीने पंप उचलला, हवा भरली आणि बेतोला मागच्या टेकडीवर पिटाळलं. अर्ध्या तासाने तो परत आला तो ताठ, धुळीने माखलेला आणि दात दाखवत. दारात त्याला थांबावं लागलं, कारण आत रांग लागली होती. सगळी टोळी आपापल्या सायकली घेऊन उभी होती आणि एकेक जण नेटीच्या कानाशी वाकून कुजबुजत होता. लॉनी सगळ्यात पुढे होता. त्याची कार्बनची सायकल चार वर्षं खाडखाड वाजत होती.

बेतो घरी पोचला तेव्हा ग्रासिएला ओट्याशी टोमॅटो चिरत होती. तिने त्याला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. पाठ सरळ होती.

"काय बिघाड होता सायकलीत?"

"सायकलीत काही नव्हतं," बेतो म्हणाला. "मीच त्रेपन्न पौंड कमी सांगितले होते."

"मला विचारायचंस ना," ती सुरी न थांबवता म्हणाली. "मी एकतीस वर्षं गादीच्या उतारावर झोपतेय."