अमावस्या आणि मनीषाची दुर्बीण

शालन अमावस्येला गेली आणि माझी पंचाईत करून गेली.

आज तिचं वर्षश्राद्ध. आणि आमची एकुलती एक मुलगी, मनीषा, लडाखच्या डोंगरावर दुर्बिणीपाशी ड्यूटीवर आहे. चांदण्यात ती दुर्बीण आंधळी होते. खरं काम अमावस्येच्या आसपास.

मी टेम्पो चालवायचो. अमावस्येला कधी गाडी बाहेर काढली नाही. आणि पोरीची नोकरीच अमावस्येची.

शालन असताना पोरगी एकदा सुट्टीत आली, तेव्हा जेवताना सांगत होती. लांबच्या आकाशगंगेतून गॅमा किरण निघतो. आपण माणसंच नव्हतो तेव्हा निघालेला. इथवर येतो आणि वरच्या हवेवर आदळून संपतो.

"म्हणजे खाली येतच न्हाय?"

"न्हाय आप्पा."

"मग तुमी बघता काय, डोंबल?"

"तो आदळला की बारीक कणांचा पाऊस पडतो. त्यातून निळा उजेड चमकतो. पापणी लवेपर्यंत कोट्यवधी वेळा चमकून जाईल, इतकाच वेळ. आमचे आरसे तो धरतात. त्यावरून किरण कुठून आला ते कळतं."

माझा घास हातातच राहिला.

शालन उजनीकाठची. म्हणाली, "त्यात काय. मासा दिसत न्हाय, पाणी हललेलं दिसतं. आमचा दादा तेवढ्यावर सांगायचा, मासा कुटनं आला."

"आई, तू ये की आमच्याकडं कामाला."

"यिन की. पण आदी ह्यांला आवर. अमावस्या आली की घरात येरझाऱ्या घालत्यात."

यंदा महिनाभर मी मनीषाच्या मागे लागलो. पहिलंच वर्ष, तू नसलीस तर लोक काय म्हणतील. तिनं तिकीट काढलं.

परवा फोनवर सहज बोलून गेली, आकाशात एक जागा अचानक भडकली आहे, तिथून गॅमा किरण येताहेत. किती दिवस दिसेल सांगता येत नाही.

फोन ठेवला आणि मला काही सुचेना.

इतक्या लांबून निघालेला पाहुणा येणार, आणि आमचंच माणूस दारात नाही. शालनला हे चाललं नसतं.

परत फोन लावला. "येऊ नको. तिकीट कॅन्सल कर."

ती म्हणाली, "आप्पा, परवा अमावस्या हाय."

"म्हाईत हाय की. म्हणून तर."

श्राद्ध मी एकट्यानं केलं. लोक बोलले. बोलू देत.

आता देवघरात दिवा लावलाय. अंगणातला बल्ब बंद ठेवलाय. सोलापुरातल्या बल्बनं लडाखला काही फरक पडत नाही, हे मला कळतं.

तरी बंद ठेवलाय.

शालन, तुला नमस्कार.
पोरगी कामावर आहे. तू काळजी करू नको.
ती मी करतोय.