राखीव कळी

बागेत त्याला सगळे ‘नख’ म्हणायचे, अगदी त्याच्या तोंडावरसुद्धा. उजव्या अंगठ्याचं नख त्याने वाढवलं होतं. जाड, कडेने काळंहिरवं, शेवंतीच्या रसाने कायमचं रंगलेलं. डबा खाताना त्या नखाकडे लक्ष गेलं की माझा घास उतरायचा नाही, आणि मी काही नाजूक बाई नाही. माझी सगळी नोकरी गुलाबाच्या वाफ्यांवर, शेणखतात कोपरापर्यंत हात घालण्यात गेली आहे.

आमच्या वनस्पती उद्यानात थंडीत शेवंतीचं प्रदर्शन भरतं. एकेका दांड्यावरचं ताटलीएवढं फूल बघून लोक तोंडात बोट घालतात. ते तेवढं कसं होतं, हे कुणी विचारत नाही. दिवस लहान व्हायला लागले की प्रत्येक दांड्याला कळ्यांचा झुबका धरतो. त्यातली टोकाची ठेवायची आणि बाकीच्या मोहरीएवढ्या असतानाच नखाने खुडायच्या. फक्त टोकाच्या खालची एक काही दिवस राहू द्यायची. तिला राखीव म्हणतात. टोकाची किडली, मोडली, तर ती कामाला येते. टोकाची वाटाण्याएवढी होऊन तिला रंग दिसला, की मग राखीवही खुडायची. तोवर ती चांगली भरलेली असते. तुटताना टचकन आवाज येतो.

या कामात नखाचा हात कुणी धरू शकत नसे. मोठ्या फुलाचा करंडक दरवर्षी त्याचाच.

बागेच्या मागच्या भिंतीला लागून त्याचं क्वार्टर होतं. एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात तो, बायको, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. मुलगा इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत एकदा आपटला होता आणि पुन्हा बसला होता. त्याच उन्हाळ्यात मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, पहिल्याच झटक्यात. बाप स्वतः तिला गणवेशाचं माप द्यायला घेऊन गेला. पांढरे बूटही घेऊन दिले. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून पोरगी ते बूट घालून घरातल्या घरात फिरायची. मला म्हणायची, “मावशी, चावतात गं अजून. पण होतील सैल.”

दोघांचं शिक्षण एकदम झेपणार कसं, असं मी त्याला एकदा विचारलं. तो शेवंतीच्या काड्या कुंड्यांत लावत होता. वर न बघता म्हणाला, थोरल्याचा निकाल लागू दे, मग बघू. नखाने आपलं पोटचं पोरही राखीव ठेवलं होतं.

निकाल लागला. मुलगा पास झाला. त्याच संध्याकाळी बापाने मुलीला सांगितलं की तुझं आता राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला रोजंदारीवर शेवंतीत उभं केलं. बूट वाया जाऊ नयेत म्हणून तेच घालायला लावले. ते पांढरे बूट चिखलात बघून माझं डोकंच फिरलं. मी खुरपं टाकून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. माणूस आहेस की कसाई, इथवर बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“दोन्ही ठेवल्या तर दोन्ही बारीक राहतात, गुलाबवाली,” तो म्हणाला आणि कामाला लागला.

पोरगी रडली नाही. बापाच्या हाताखाली शिकत गेली. मुलगा शिकला, दूरच्या शहरात नोकरीला लागला. त्याचं लग्न झाल्याचं आईबापांना फोनवर कळलं, तेही झाल्यानंतर. तरी नख खिशातून मोबाईल काढून सुनेचा फोटो बागभर दाखवत फिरला. आम्ही बघितला.

मग त्याची निवृत्ती जवळ आली आणि साहेबांनी क्वार्टर सोडायची आठवण करून दिली. मुलाने फोनवर सांगितलं की आमचं घर लहान आहे, बघतो. त्या ‘बघतो’चा अर्थ नखाला बरोबर कळला. तो शब्द त्याच्याच घरातला होता. घरातलं कुणी बागेत कायम झालं तर क्वार्टर त्याच्या नावावर राहतं, असा आमच्याकडे नियम. त्याला आता मुलगी दिसली. जिला इतकी वर्षं ‘ए’ म्हणून हाक मारली, तिला बाळ म्हणायला लागला. तिचा चहा स्वतः आणून द्यायला लागला. मला तर किळस आली.

साहेबांकडे तुझ्यासाठी शब्द टाकतो, असं तो तिला म्हणाला, तेव्हा मी तिथेच होते. तिने हातातली कुंडी खाली ठेवली.

“टाका. पण आधीच सांगते, बाबा. क्वार्टर माझ्या नावावर झालं तर आई राहील. तुम्ही नाही.”

तो हसला. मला डोळ्यांनीच म्हणाला, नाकावर राग आहे, उतरेल. आणि खरंच राबला बिचारा. साहेबांच्या दारात उभा राहिला, आयुष्यात कधी केली नव्हती एवढी हांजी हांजी केली. क्वार्टरला स्वतः चुना मारला, करंडक मांडायला भिंतीवर फळी ठोकली.

मुलगी कायम झाली. ज्या दिवशी त्याची नोकरी संपली, त्या दिवशी तिने फळीवरचे करंडक एका पोत्यात भरून दारात ठेवले. तो बायकोकडे बघत राहिला. बायकोने त्याचे सगळे शर्ट काढले, एकेकाची घडी नीट घातली आणि पिशवीत भरले. मी भिंतीपलीकडून बघत होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. रात्री जेवताना मात्र वाटेनासं झालं.

मुलाने त्याला बस डेपोपलीकडे एक खोली भाड्याने घेऊन दिली. भाडं पाठवतो, तोंड दाखवत नाही.

यंदा प्रदर्शनाला नख आला. लोकांसारखा तिकीट काढून, रांगेतून. दोरीच्या अलीकडे थांबून फुलं बघत राहिला. पोरीची फुलं त्याच्या फुलांपेक्षा मोठी होती, ते त्याला माझ्याआधी कळलं. मला बघून जवळ आला. खूप वाळला होता. राखीव कधी खुडते ती, असं त्याने आधी विचारलं. मग आवाज उतरला.

“तिला सांग, मी वाटेल तितकं थांबेन. आज ना उद्या बोलवेल ना?”

मला त्याची दया आली आणि त्या दयेचा रागही आला. तरी मागच्या शेडमध्ये गेले. ती उशिराच्या शेवंतीच्या कुंड्यांवर वाकली होती. मी निरोप जसाच्या तसा सांगितला. तिचा अंगठा थांबला नाही. त्यावरचं नख आता बापासारखंच झालंय.

“मी राखीव ठेवतच नाही, मावशी,” ती म्हणाली. “खुडायचीच आहे, तर तिला वाढू कशाला द्यायचं?”

मी परत आले. तो तिथेच उभा होता. तिचं बोलणं मी त्याला सांगितलं. गोड करून सांगायला मला जमलं नाही, आणि जमलं असतं तरी मी केलं नसतं. त्याने मान हलवली, कामातली एखादी नवी रीत ऐकावी तशी.

“आणि टोकाची किडली तर?” त्याने विचारलं.

“तर त्या दांड्याला फूल नाही,” मी म्हटलं.

मागचे लोक पुढे सरका म्हणत होते. तो सरकला.