सुटका बुधवारी, परीक्षा शनिवारी

चंद्रपूरला लोक वाघ बघायला जातात. मी मुलाला तुरुंगातून आणायला गेलो, आणि तेही त्याला आणखी चार दिवस ठेवून घ्या अशी विनंती करायला.

सिद्धार्थ माझा धाकटा. लग्नातल्या भांडणात त्याच्या हातून एकाचं डोकं फुटलं, तीन वर्षांची शिक्षा झाली. घरी होता तेव्हा मी त्याला मारून शाळेत धाडायचो आणि तो मागच्या दाराने मोहफुलं वेचायला पळायचा. आत पळायला जागा नव्हती, म्हणून दहावी झाला. माझी चौथी. मग तो वायरिंगच्या वर्गात बसला. दहावी केल्याबद्दल शिक्षा कमी झाली आणि सुटका आली बुधवारी. वायरिंगची परीक्षा शनिवारी, आतच! फोनवर म्हणाला, "बाबा, साहेबाले म्हणून पाहा, शनिवारपर्यंत राहू द्या म्हणा."

आमचं गाव आलापल्लीजवळ. तुम्हाला जायचं झालं तर सकाळची चंद्रपूर एसटी पकडा आणि मागे बसू नका. लोहखनिजाच्या ट्रकांनी आष्टीपर्यंत रस्ता उखडून ठेवला आहे. म्हाताऱ्यांना तिकीट अर्धं, हादरे पूर्ण. गोंडपिपरीला गाडी थांबते, तिथे वीस-पंचवीस रुपयांत तर्री-पोहा चांगला मिळतो म्हणतात. गाडी सुटेल या धास्तीने मी खाल्ला नाही. ड्रायव्हर माझ्या शेजारीच उभा राहून खात होता, तरी.

तुरुंगात जाताना आधार कार्ड मूळ न्या. झेरॉक्स मी पाच नेल्या, एकही लागली नाही. खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी मात्र फाटकावर काढून घेतात. बाकावर चामोर्शीची एक बाई नवऱ्याच्या भेटीसाठी बसली होती.

"भाऊ, तुमचा कवा सुटते?"

"आज."

"मंग तोंड असं काऊन केलं?"

"चार दिवस आधी सोडून राह्यले."

बाई उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

साहेबांनी माझा अर्ज दोनदा वाचला. "काका, लवकर सोडा म्हणणारे रोज येतात. ठेवा म्हणणारे तुम्ही पहिलेच. पण सुटलेल्या माणसाला मी एक तासही ठेवू शकत नाही."

वायरिंग शिकवणारे मास्तर तिथेच होते. ते म्हणाले, सहा महिन्यांनी शहरातल्या केंद्रावर बसवा, नाहीतर साहेबांची परवानगी घेऊन शनिवारी इथेच यावं. साहेबांनी मान हलवली. तोवर सिद्धार्थ पिशवी घेऊन बाहेर आला होता. उन्हात उभा राहून म्हणाला, "बाबा, सहा महिने थांबतो. आता पाय नाई उचलत आत जाले."

सहा महिन्यांत काय काय होऊ शकतं, याची यादी माझ्याकडे कायम तयार असते. म्हणालो, "शनिवारीच."

चंद्रपुरातच भाच्याकडे मुक्काम केला. शनिवारी सिद्धार्थ स्वतःच्या पायांनी फाटकावर गेला. शिपायाने झडती घेता घेता विचारलं, "काय बे, करमत नाई का घरी?" मी समोरच्या टपरीवर तीन तासांत पाच चहा प्यालो. आत गेलेल्याला परत सोडतात ना, हे दोनदा विचारून आलो. दुसऱ्यांदा शिपाई हसलाही नाही.

सोडलं. त्याच दिवशी गावी आलो.

दोन महिन्यांनी सर्टिफिकेट आलं. पास! खाली छापलेलं: परीक्षा केंद्र, जिल्हा कारागृह. शहरात बसला असता तर ही ओळ नसती. घाई माझी होती. मी पांढऱ्या कागदाची पट्टी कापली आणि डिंकाची बाटली काढली. सिद्धार्थने बाटली उचलून फळीवर ठेवली.

"बाबा, साऱ्यायले माहीतच हाय. कागदानंच काऊन खोटं बोलावं?"

आलापल्लीत पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानात तो कागद घेऊन गेला. मी नको नको म्हणत मागे गेलो. दुकानदाराने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हंजे क्लासले एक बी खाडा नसन तुझा," तो म्हणाला. "सोमवारपासून ये."

आता तो सकाळी आठला जातो, संध्याकाळी सातला येतो. साडेसहापासून मी रस्त्यावर उभा असतो. आत होता तेव्हा या वेळेला तो कुठे असेल, एवढं तरी मला ठाऊक असायचं.